अभिमनभाऊंची रंगांची यादी

अभिमन महाजन आमच्या दुकानात आले ते १९९६ च्या पोळ्यानंतर. धुळ्याला आग्रा रोडजवळच्या एका बोळात रुपचंदभाऊंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. त्या वर्षी भाऊंनी दोन कॉम्प्युटर आणि एक रंगीत प्रिंटर आणून बसवला होता. एका कॉम्प्युटरवर मी बसायचो. दुसऱ्यासाठी माणूस हवा होता, आणि धरणगावहून अभिमनभाऊ आले. वय सव्वीस, उंच, जरा वाकून चालणारे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे.

त्यांचा टायपिंगचा वेग बघून भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "वना, बघ जरा. बोटं कशी चालतात बघ." नंतरही दर दोन दिवसांनी म्हणायचे. अभिमनभाऊंच्या मजकुरात एकही वेलांटी चुकत नसे. शाळांचे अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सगळं आधी त्यांच्याकडे जाऊ लागलं. मी तिथं दोन वर्षं जुना होतो. मला ते सलू लागलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. आम्ही पत्रिका करायचो त्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये पडद्याच्या कडेला रंगांचे लहान लहान चौकोन असत आणि तळाशी एक बारीक पट्टी. चौकोनावर बाण नेला की पट्टीत त्या रंगाचं नाव इंग्रजीत उमटायचं. आम्ही कुणी ती पट्टी कधी वाचत नव्हतो. लाल हवा तर लाल दिसतोच की. अभिमनभाऊ मात्र प्रत्येक वेळी बाण नेऊन थांबायचे, पट्टी वाचायचे, मग बटण दाबायचे. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "किनार आमसुली करा," की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. ते हसून म्हणायचे, "ताई, इथं बसा, तुमच्या हातानं दाखवा." बायका खूश व्हायच्या. हा माणूस किती विचारून करतो, म्हणायच्या.

मला संशय आला होता. खात्री करून घ्यायची म्हणून, किंवा गंमत म्हणून, किंवा भाऊंच्या त्या 'वना, बघ जरा'चा राग म्हणून, मार्च ९७ मध्ये एका सकाळी ते यायच्या आधी मी त्यांच्या कॉम्प्युटरवरची ती पट्टी बंद केली. कडेच्या चौकोनांची रांगही बदलून दुसरी लावली. दोन मिनिटांचं काम. बघू काय करतात, एवढंच मनात होतं.

ते आले, बसले. बराच वेळ काही न करता पडद्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वना, तुझ्याकडे सगळं नेहमीसारखं दिसतंय ना?"

"हो. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

मी तेव्हा सांगू शकलो असतो. तोंडावरचं हसू दाबत मी जेवायला निघून गेलो. भाऊ बँकेत गेले होते. तेवढ्यात एक पोरगेलासा माणूस गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, कार्डाचं काम घेऊन आला. गावात तरणा माणूस गेला होता, आठवड्यानं कार्यक्रम होता, पन्नास कार्डं लगेच हवी होती. अभिमनभाऊंनी जुन्या फायलीतली हिरवी चौकट घेतली, मजकूर लिहिला, वर फोटो बसवला. मग चौकट आणि अक्षरं दोन्हींना काळा रंग दिला. काळा चौकोन रांगेत कुठं असतो ते त्यांना पाठ होतं. पण त्या दिवशी त्या जागी काळा नव्हता, गडद कुंकवी होता. आणि गडद लाल त्यांच्या डोळ्यांना काळाच दिसतो, पडद्यावरही आणि कागदावरही.

कार्डं छापली, मजकूर दोनदा तपासला, कागदात बांधून दिली.

संध्याकाळी चारच्या सुमारास गेलेल्या मुलाचे वडील आले. कौतिकनाना. पांढरी टोपी, हातात ते पुडकं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, मनी सूननं कुंकू पुसाई गयं, तेले आठ दिन बी झायात नहीत. आनि तुम्हीन हाऊ रंग दिधा? पुडकं तिन्हाच हातमा पडनं."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. रुपचंदभाऊंनी कार्ड उचललं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कोणी केलं?"

अभिमनभाऊ उठून उभे राहिले. "मी केलं."

"हा रंग कोणता आहे?"

"काळा," ते म्हणाले.

भाऊंना वाटलं, हा उलट बोलतोय. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातला रविवार दाखवला. "आणि हा?" अभिमनभाऊ म्हणाले, "रविवार आहे, म्हणजे लाल." मग भाऊंनी पायाजवळचं हिरवं स्टूल पुढं ओढलं. "आणि हे?" ते स्टूलकडे बघत राहिले. स्टूलवर नाव लिहिलेलं नव्हतं. "तपकिरी," ते म्हणाले. झेरॉक्ससाठी थांबलेला कॉलेजचा एक पोरगा फिसकन हसला.

मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण अभिमनभाऊंनी बघितलं.

कौतिकनाना मात्र त्या स्टूलकडे बघत होते. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "जाऊ द्या," ते भाऊंना म्हणाले. "दुसरी छापी द्या." काळी कार्डं मी छापून दिली. तरी खरं काय ते सांगितलं नाही. पट्टी पुन्हा चालू केली, रांग पुन्हा होती तशी लावली. कुणाला काही कळलं नाही. त्या गडबडीत अभिमनभाऊ कधी निघून गेले तेही कुणी पाहिलं नाही.

ते पुन्हा आले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचा खण मी साफ केला. आत एक खिशातली डायरी होती. पानापानांवर दोन रकाने. डावीकडे गिऱ्हाइकांच्या तोंडचे रंग, उजवीकडे पट्टीवरची इंग्रजी नावं. लाल, हिरवा, पिवळा यांच्यापुढं नावं होती. पण 'आमसुली'पुढं प्रश्नचिन्ह. 'अबोली'पुढं प्रश्नचिन्ह. 'चिंतामणी'पुढं लिहिलं होतं, 'निळा का हिरवा? कुणाला तरी विचारणे.' आणि त्याखाली, 'वनाला विचारावं का?' ते खोडलेलं होतं.

मी डायरी घरी नेली. आठ दिवस ती पुन्हा उघडायचं धाडस झालं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुमनबाईंचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. साडीचा नुसता पदर बघून सुमनबाई रंगाचं नाव सांगत आणि कपाटातून बरोबर तोच तागा काढत. मी दुकानातल्या रंगांचे सगळे चौकोन कागदावर छापले, प्रत्येकाला आकडा दिला आणि त्यांच्याकडे गेलो.

"एवढे रंग कशाला हवेत तुला?"

"दुकानासाठी," मी खोटं सांगितलं. "आमची मराठी नावं चुकतात."

त्या नावं सांगू लागल्या. हा मोरपंखी, हा शेवाळी, हा डाळिंबी, हा विटकरी. एका चौकोनाला मी आपणहून म्हणालो, "हा चिंतामणी ना?" तशा त्या फटकन म्हणाल्या, "हा चिंतामणी? डोळे फुटले का रे तुझे?"

त्यांच्या मनात काहीच नव्हतं. पण मी पेन खाली ठेवला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, कार्ड, स्टूल, हसणं. कुणाला सांगण्याची ती पहिली वेळ.

सुमनबाईंनी तागा गुंडाळून ठेवला. मला दोन शब्द सुनावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग नुसत्या नावानं त्याचं काय होईल? कोणता रंग कशाला चालतो नि कशाला नाही, तेही लिही. कुंकवी लग्नाला, मुंजीला, वास्तूला. दुःखाला नाही. आमसुली आणि डाळिंबी शेजारी ठेवले तर उठून दिसत नाहीत. हे आम्हाला दिसतं म्हणून कुणी सांगत नाही. त्याला सांगायला पाहिजे."

त्यांचं दुकान सोमवारी बंद असे. तीन सोमवार आम्ही बसलो. त्या प्रोग्राममध्ये रंगांची आपली रांग करून प्रत्येकाला आपलं नाव देता येत असे, फक्त अक्षरं इंग्रजीच. मी शहाण्णव रंगांची रांग केली. चौकोनावर बाण नेला की पट्टीत 'अबोली', 'राणी', 'श्रीखंडी' असं इंग्रजी अक्षरांत उमटे. बाकीची माहिती दोन कागदांवर टाइप केली. रांग फ्लॉपीवर घेतली. फ्लॉपी तयार झाली तरी मी दोन महिने धरणगावला गेलो नाही. रोज एक कारण सापडायचं.

शेवटी श्रावणात गेलो. पत्ता विचारत गेलो तर ते एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते. पांढरा कागद, काळी फीत, दुसरा रंग नाही. मला बघून ते उठले, "ये वना," म्हणाले आणि घरी घेऊन गेले. घरी त्यांच्या आई होत्या, धुरपदाबाई. त्यांनी चहा दिला. मी रंगाचा विषय काढला तसं त्या सहज सांगू लागल्या, "लहानपनथून असाच शे. मिरच्या तोडाले गया की हिरव्या बी टोपलीमा. मंग हात लाईसन वळखे, पिकेल कोनती नि कच्ची कोनती."

"आई, राहू दे," अभिमनभाऊ म्हणाले.

आई आत गेल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. रेल्वेत सहायक ड्रायव्हरच्या लेखी परीक्षेत ते पास झाले होते. भुसावळला डोळे तपासताना पुढं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक धरलं. इतरांना त्यात आकडे दिसत होते, त्यांना नुसते ठिपके. घरी येऊन त्यांनी सांगितलं की लेखीतच नापास झालो. "दोन बहिणी लग्नाच्या होत्या," ते म्हणाले. "भाऊ डोळ्यानं अधू म्हटलं की लोक विचारतात, घराण्यात आहे का. नापास झालेला भाऊ चालतो."

मी म्हणालो, "अभिमनभाऊ, ती पट्टी मी बंद केली होती."

"माहीत आहे."

ते अंगणाकडे बघत बोलत होते. "आपोआप पट्टी जाते, आणि शेजारी बसलेला 'का' म्हणून विचारतो. तेव्हाच कळलं. रांगेचं मागून लक्षात आलं. मी तुला विचारणारच होतो की पट्टी कशी आणायची. पण विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, पट्टी कशाला पाहिजे."

"माझं चुकलं."

"चुकलं तर." त्यांनी मान डोलावली. 'असू दे' वगैरे ते काही म्हणाले नाहीत. "पण कार्ड मी छापलं. त्या दिवशी दिसायचं साधन नाही हे मला माहीत होतं. बोळातल्या कुणालाही हाक मारून विचारता आलं असतं, हा काळा आहे ना? लाज वाटली. माझी लाज झाकायला मी एका सुनेच्या हातात ते पुडकं दिलं. तुझ्या वाट्याचं तू घे, माझं मला पुरेसं आहे."

ते कौतिकनानांच्या गावी जाऊन आले होते. डोळ्यांचं खरं काय ते सांगून आले होते.

"त्यांनी काय म्हटलं?"

"पाणी दिलं. बसवलं. सून बाहेर आली नाही." मग म्हणाले, "तुझं नाव मी घेतलं नाही. ते तुझं काम."

मी फ्लॉपी आणि दोन कागद पुढं ठेवले. त्यांनी कागद वाचायला घेतले आणि वाचतच राहिले. 'दुःखाला नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे कोणी सांगितलं?" मी सुमनबाईंचं नाव सांगितलं. "त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. मला निरोप देताना दारापर्यंत आले, पण पुन्हा ये असं म्हणाले नाहीत.

धुळ्याला परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी रुपचंदभाऊंना सगळं सांगितलं. कामावरून काढतील या तयारीनंच गेलो होतो. ते म्हणाले, "पट्टी तू काढलीस. स्टूल मी ओढलं." त्यांनी अभिमनभाऊंना परत बोलावणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात सुबक अक्षरात दुकानाला शुभेच्छा होत्या. ते आले नाहीत.

१९९९ मध्ये त्यांनी धरणगावला बाजारपेठेत स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. मी दोनदा जाऊन आलो. गिऱ्हाईक आलं की ते आधीच सांगत, "मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. रंग नावानं सांगा, आणि छापल्यावर एकदा तुम्ही बघा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाली मान घातली. गिऱ्हाईक मात्र "बरं, बरं" म्हणून कामाचं बोलू लागलं. आमच्या यादीतली दोन नावंही त्यांनी दुरुस्त केली होती. शेवाळी आणि मेंदी आम्ही उलटसुलट लिहिले होते. एका नवरीच्या मावशीनं ते दाखवून दिलं होतं.

ती रांग त्यांच्याकडून आणखी तिघांनी फ्लॉपीवर नेली. एक चोपड्याचा, एक अमळनेरचा, एक रावेरचा. तिघंही छापकामातलेच. "तिघांनीही सांगितलं, मित्राला पाहिजे म्हणून," अभिमनभाऊ म्हणाले. "मी कुणालाच मित्राचं नाव विचारलं नाही."

दुसऱ्या खेपेला निघताना त्यांनी मला एकच विचारलं. "कौतिकनानांकडे गेलास?"

"नाही," मी म्हणालो.

कौतिकनानांचं गाव धुळ्याहून एसटीनं पाऊण तासावर आहे. त्या गाडीच्या फलाटावर मी आजवर तीनदा जाऊन उभा राहिलो आहे.