चहाआधीची प्रार्थना

आमच्या घरी सकाळची प्रार्थना हात धरून करतात. मुलं परगावी गेली, आता टेबलाशी आम्ही नवराबायको दोघंच, आणि मधे झाकून ठेवलेला चहा. एरवी घरातसुद्धा आम्ही एकमेकांचा हात असा धरत नाही.

आज प्रार्थना करायची पाळी यांची होती. डोळे मिटले आणि यांचा हात माझ्या हातात थरथरू लागला. अगदी बारीक, कप टेकवताना चहावरची साय हलते तसा. मी डोळे उघडून पाहिलं. चेहरा शांत होता, शब्द नेहमीचेच. माझ्या सासऱ्यांचंही असंच हातापासून सुरू झालं होतं. शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा.

इतकी वर्षं मी देवाशी घाईघाईनंच बोलत आले. मुलांना सांभाळ, घर सांभाळ, आमेन, की लगेच गॅसकडे. आज पाठ असलेलं एकही वाक्य आठवेना. तुझ्या मनासारखं होऊ दे, हे तर ओठांवर येईचना; त्याच्या मनात काय असेल याचीच भीती वाटत होती. मी नुसती त्याच्यासमोर बसून राहिले. खरी प्रार्थना कदाचित इथूनच सुरू होत असेल. तसं असेल तर मला ती नको होती.

तेवढ्यात हे बोलता बोलता थांबले. डोळे मिटलेलेच. मग हळूच म्हणाले, "प्रभू, हिचा हात थरथरतोय. घाबरलीये कशाला तरी. हिला सांभाळ."

मी यांचा हात आणखी घट्ट धरला आणि म्हटलं, "आमेन."