विषारी जलपर्णी म्हशीच्या दावणीत

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आपटा गावाजवळच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यातलं शिसं शोषून घ्यायला आमच्या कॉलेजने तळ्यात जलपर्णी वाढवली होती. आज नमुने घ्यायला गेले, तर तळं मोकळं! तळ्याशेजारी राहणाऱ्या हिराबाई तीच जलपर्णी म्हशीला घालत होत्या.

"सायबांनी फुकट दिली. पानी साफ झाला, मंग पाला बी चांगलाच हाय नं?"

मी पाला ओढून काढला. पाण्यातलं विष आता याच्यात आहे, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चार दिस घालतंय. दूध नातीला देतंय."

पाला फुकट वाटणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरला जाब विचारला, तर तो म्हणाला, "मॅडम, पाणी स्वच्छ झालं ना? मग झालं तर!"

मला त्याचा संताप आलाय, तो आहेच. पण हा पाला विषारी आहे, हे गावात आम्ही तरी कुठे सांगितलं होतं? हिराबाईंना आता काय तोंड दाखवू?