शेवट आधी वाचणारे फौजदार

कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं पुस्तकांचं दुकान आहे. आत शिरल्यावर उजव्या हाताची पहिली फळी रहस्यकथांची. ती मी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. तिथल्या प्रत्येक पुस्तकात माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी असते. ‘पहिली चाळीस पानं सोसा, मग बघा.’ ‘घरात एकटे असाल तर दिवसा वाचा.’ ‘खुनी आधीच ओळखलात तर येऊन सांगा, चहा माझ्याकडून.’ बाईंची चिठ्ठी असेल तर डोळे मिटून पुस्तक घ्यावं, असं लोक म्हणायचे. कुणाला काय वाचायला द्यावं हे आपल्याला माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं, असं मलाही वाटायचं.

फौजदार मागच्याच गल्लीत राहायचे. पोलिसांत सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळीवरून एक रहस्यकथा काढली, सरळ शेवट उघडला आणि उभ्या उभ्या दहाएक पानं वाचली. मग पुस्तक मिटून गल्ल्यापाशी आणून ठेवलं. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला शेवट वाचून त्यांनी पुस्तक परत जागेवर ठेवलं. तेव्हा मला राहवलं नाही.

“अहो, हे काय करता आपण?”

“शेवट बघतोय.”

“रहस्यकथेचा शेवट आधी वाचल्यावर मग राहतं काय?”

“बाकीचं सगळं राहतं की,” ते म्हणाले.

असला वाचक मी कधी पाहिला नव्हता. माझ्या इतक्या जपून लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे वायाच जायच्या. कुठलं पुस्तक ते घेतात आणि कुठलं ठेवतात, यावर मी नजर ठेवायला लागले, पण त्यातलं सूत्र काही सापडेना. खुनाच्या कथा त्यांना चालायच्या. चोरीच्या चालायच्या. भाषा बरी असो की वाईट, त्यांना फरक पडत नव्हता. दर आठ-पंधरा दिवसांनी यायचे, मोजकं बोलायचे आणि शेवट वाचून जायचे. या माणसाला एकदा तरी नीट पहिल्या पानापासून वाचायला लावायचं, असं मी मनाशी घेतलं.

त्या वेळी माझ्या अगदी आवडीची एक कादंबरी होती. एका थंड हवेच्या ठिकाणी सहलीला आलेली मुलगी संध्याकाळी फिरायला जाते आणि परत येत नाही. शोध चालू राहतो, वर्षं जातात, शोधणारे म्हातारे होतात. शेवटच्या पानावर फक्त तळं आणि त्यावरचं धुकं. मुलगी सापडत नाही. मी ती चार वेळा वाचली होती आणि निदान पन्नास जणांच्या गळ्यात मारली होती. नव्या आवृत्तीच्या प्रती प्लास्टिकच्या वेष्टनात आल्या होत्या. त्यातली एक मी फौजदारांच्या हातात दिली.

“हे माझ्याकडून भेट. वेष्टन घरी जाऊन काढायचं आणि शेवट बघायचा नाही. एकदा माझ्यावर विश्वास ठेवा.”

त्यांनी मागच्या बाजूचा मजकूर वाचला. बराच वेळ वाचला.

“सापडते का ही?”

“ते सांगितलं तर मी दुकान कशाला मांडलंय?” मी हसून म्हटलं.

चार दिवसांनी मी शटर वर करत होते तेव्हा ते पायरीवर उभेच होते. आत आले आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

“ही मुलगी सापडत नाही.”

“नाही.”

“का सापडत नाही?”

मला तर हेच हवं होतं. मी सुरू केलं. तीच तर या पुस्तकाची ताकद आहे, सगळे धागे जुळवून देणारे लेखक पैशाला पासरी मिळतात, वगैरे वगैरे. “आणि आयुष्यात तरी सगळ्याची उत्तरं कुठं मिळतात, फौजदार?” असंही वर म्हटलं.

“ते मला तुम्ही सांगायचं नाही,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. पुस्तक तिथंच ठेवून गेले.

त्यानंतर दोन महिने ते फिरकले नाहीत. मी तो किस्सा गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. पोलिसात जन्म गेला, पण कादंबरीचा शेवट झेपला नाही बघा. लोक हसायचे. मीही हसायचे. हे मी फौजदारांपाशी कधीच कबूल केलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे अमृततुल्य चहाचं दुकान आहे. तिथल्या बाकावर एका सकाळी मला फौजदार दिसले. शेजारी पांढऱ्या शर्टातला एक किरकोळ बांध्याचा माणूस, मांडीवर कापडी पिशवी. तो माणूस एकसारखा बोलत होता आणि फौजदार मान खाली घालून ऐकत होते. तासभर तरी ते तसेच बसले असतील. मग फौजदारांनी त्याला रिक्षात बसवून दिलं, रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. पाणी मागितलं. पाणी पिऊन स्टुलावर बसले आणि मी न विचारता सांगायला लागले.

तो माणूस यवतमाळकडचा, शाळामास्तर. त्याचा मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीला नोकरीला लागला होता. पहिलीच नोकरी. आणखी तिघांबरोबर खोली घेऊन राहायचा. एका रविवारी दुपारी “आलोच जरा” म्हणून बाहेर पडला, तो आलाच नाही. फोन बंद. दोन दिवसांनी बाप रातराणी बसनं पुण्याला आला आणि तक्रार द्यायला ठाण्यात गेला. तेव्हा फौजदार ड्यूटीवर होते.

“तपास माझ्याकडं नव्हताच,” फौजदार म्हणाले. “मी फक्त लिहून घेतलं. उंची विचारली, रंग विचारला. अंगात काय होतं विचारलं, तर ते म्हणाले, निळा चौकडीचा शर्ट. मी म्हटलं, तुम्ही तर गावाला होता, तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाले, दिवाळीला मीच घेऊन दिला होता.”

त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर ठेवला.

“मी तेही लिहिलं. आणि त्यांना म्हटलं, घाबरू नका गुरुजी, या वयात पोरं अशीच असतात, आठ दिवसांत येईल बघा. दिवसाला असे दोन-तीन आईबाप यायचे. सगळ्यांना मी हेच सांगायचो. बहुतेकांची पोरं यायचीही.”

हा मुलगा आला नाही. मेल्याचीही बातमी आली नाही. बाप दर वर्षी त्याच आठवड्यात पुण्याला यायचा, आधी ठाण्यात, आणि फौजदार निवृत्त झाल्यावर इथं, या बाकावर.

“मी त्यांना सांगतो, चौकशी चालू आहे,” फौजदार म्हणाले. “कसली चौकशी? ती फाइल आता कुठल्या कपाटात आहे, मलाही माहीत नाही.”

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते सांगता येईना, नुसतंच “माझं चुकलं” म्हटलं. त्यांनी हात हलवला, उठले, फळीवरून एक पुस्तक काढलं आणि शेवट उघडून वाचायला लागले.

त्या दिवसापासून मी स्वतः त्यांच्यासाठी पुस्तकं निवडून ठेवू लागले. माणूस हरवतो पण सापडतो, जिवंत नाही तर निदान कळतं तरी, अशी. त्यासाठी मला कित्येक पुस्तकं आधी शेवटापासून वाचावी लागली. माझ्या लाडक्या कादंबरीतली चिठ्ठी मी काढून घेतली. कुणी ती कादंबरी मागितली तरच देते.

त्याच वर्षी गणपती उठल्यावर फौजदार गेले. झोपेतच. मला चार दिवसांनी कळलं. त्यांची पत्नी मोठ्या पिशवीतून पुस्तकं घेऊन दुकानात आली.

“कुणाला तरी देऊन टाका,” ती म्हणाली. “हे काही फार वाचायचे नाहीत हो. शेवटचं प्रकरण तेवढं मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, अहो, कोण कुणाचा कोण हेच मला कळत नाही. तर म्हणायचे, सापडला, एवढं कळलं ना?”

मी तिला शाळामास्तरांबद्दल विचारलं. असं कुणी येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मास्तरांचा नंबरही तिच्यापाशी नव्हता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी रोज लवकर दुकान उघडू लागले. तिसऱ्या दिवशी ते आले. पांढरा शर्ट, कापडी पिशवी. बाकावर बसले, फोन कानाला लावला, खाली ठेवला, परत लावला. मी लगेच गेले नाही. आधी टेबल पुसलं, मग पावतीपुस्तकं नीट रचली. त्यात वीस मिनिटं गेली. ते प्रत्येक वळणाऱ्या माणसाकडे मान उंच करून बघत होते. शेवटी मी रस्ता ओलांडला.

“गुरुजी, आपण फौजदारांची वाट बघताय ना?”

“हो मॅडम. फोन बंद येऊन राहिला त्यांचा.”

मी सांगितलं. सरळच सांगितलं. त्यांनी फोन पिशवीत ठेवला. चहा आला, त्यावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, “तब्येत बिघडली होती का?” मी म्हटलं, नाही, झोपेत गेले. “बरं झालं,” ते म्हणाले आणि हातरुमालानं चष्मा पुसत राहिले.

मी त्यांना दुकानात आणलं. परतीची बस संध्याकाळची होती. प्रवासात वाचायला काही देऊ का, असं विचारून मी फळीकडे वळलेही. सवयच ती.

“नको मॅडम,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. आता एक ओळ वाचून होईस्तोवर मागची विसरून जातो.”

मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, “साहेबांनी सांगितलं नव्हतं, तरी ते रिटायर झाले हे मला त्या बाकावर भेटलो त्या पहिल्या वर्षीच समजलं होतं. चौकशी वगैरे काही नाही, हेही.”

“मग आपण एवढ्या लांबून...”

“त्यांनी लिहून घेतलं होतं ना. उंची, रंग, सगळं. आमच्याकडं आता घरातसुद्धा कोणी त्याचं नाव काढत नाही. त्याची आई तर उठूनच जाते. इथं बोलता येत होतं.”

त्या दुपारी ते बोलले आणि मी ऐकलं. मुलगा गणितात कच्चा कसा होता आणि इंजिनिअर कसा झाला, पहिल्या पगारात आईला मिक्सर कसा आणला, फोनवर शेवटचं बोलणं फक्त थंडीबद्दल कसं झालं. मध्ये गिऱ्हाईक आलं की ते थांबायचे आणि गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचे.

तेव्हापासून ते माझ्याकडे येतात. दोन वर्षं झाली. यंदा पायऱ्या चढताना कठड्याला धरत होते. आणि यंदा मला त्यांना सांगावं लागलं की आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं आहे, पावसाळ्याआधी दुकान रिकामं करायचं आहे, आणि नव्या इमारतीत परत दुकान घालण्याची उमेद माझ्यात नाही.

त्यांनी मान हलवली. पिशवीतून वही काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “घरचा पत्ता लिहून द्या. घरी आलेलं चालेल ना?”

मी पत्ता लिहिला. बसथांब्यापासून कसं यायचं तेही खाली लिहिलं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं वाचलं, ‘दुसरा मजला’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि लिफ्ट आहे का, असं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“असू द्या,” ते म्हणाले.