पायऱ्यांवर वाचलेली यादी

१८ ऑक्टोबर. सकाळी डब्यात दशम्या भरल्या, कारण लेकीने काम लावलं होतं: बॉनहून एका पाहुण्या बाईंना ब्राउनश्वाइगला पोचवायचं. ऋचा तिथे पीएचडी करते, उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांचा फिल्म क्लब चालवते. मी बॉनला मैत्रिणीकडे होते, म्हणून हमाली माझ्याकडे.

सोलांजबाई हैतीच्या, वय सत्तर. पहिला चित्रपट काढला ऊसतोड मजुरांवर. पोलिसांनी तो जाळला आणि बाईंना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्या जर्मनीत आल्या, वीस वर्षं एका शाळेत स्वयंपाक केला आणि सुट्ट्यांत गावी जाऊन तोच चित्रपट पुन्हा काढला. हे सगळं दोन दशम्यांत सांगून झालं. तिसरीला त्यांनी लोणचं मागितलं. आमचाही सांगलीकडे ऊस आहे, हे मी बोलून गेले.

जर्मन गाड्या वेळेवर असतात असं सांगणाऱ्यांना मला भेटायचंय. हानोव्हरला पुढची गाडी चुकली, तास गेला. त्यानंतर खिडकीबाहेर शेतांच्या कडेला साखरेच्या बीटाचे ढीग.

“यांना यंत्रं उपटतात,” बाई म्हणाल्या. “यंत्रांना नावं नसतात.”

क्लबच्या हॉलमध्ये बाईंचा पुन्हा काढलेला चित्रपट उशिरा सुरू झाला, सहाला पाच कमी असताना संपला. आता बाई जळालेल्या चित्रपटातल्या दोनशे मजुरांची नावं मोठ्याने वाचणार होत्या. त्याशिवाय त्या खेळ संपवत नाहीत. दारात हाउसमाइस्टर (इमारत सांभाळणारा) किल्ल्या घेऊन उभा.

ऋचा म्हणाली, “आल्झो... म्हणजे, सहाला हॉल बंद. नावं राहू देत ना.”

“त्या चित्रपटातलं तेवढंच माझ्याकडे उरलंय,” बाई म्हणाल्या.

मी यादीची पानं सुटी केली, प्रेक्षकांना वाटली आणि सगळ्यांना बाहेर पायऱ्यांवर काढलं. हाउसमाइस्टरने ठीक सहाला कुलूप लावलं. एकेकाने आपलं पान मोठ्याने वाचलं, मग त्यानेही हात पुढे करून शेवटचं पान घेतलं. हजेरी घेतल्यासारखं वाचलं, पण एकही नाव गाळलं नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. “तुमचा ऊस कोण तोडतं?”

“टोळी येते. दरवर्षी तीच.”

“नावं?”

मी मुकादमाचं सांगितलं.

“आणि बायकांची?”

मी डब्याचं झाकण घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांना फोन लावला. टोळी कालच आली म्हणाले. बायकांची नावं हवीत म्हटल्यावर हसले: “वहिनी, जर्मनीत हे सुचलं होय?”

“हो. जा, विचारून या,” म्हटलं, आणि फोन चालू ठेवून वही उघडली.