ऐकलं ते परत म्हण

समजा, तुम्ही एका मालवाहू जहाजाच्या सुकाणूपाशी उभे आहात. सुकाणू म्हणजे सिनेमात दिसतं तसलं भलंमोठं लाकडी चाक नव्हे. मोटारीच्या स्टिअरिंगहून लहान, काळं, घामेजल्या हातांनी गुळगुळीत झालेलं. समोर काच, काचेपलीकडे शाळेची दोन मैदानं मावतील एवढं लांब डेक, आणि पुढे पाणी. शेजारचा अधिकारी म्हणतो, "पोर्ट टेन." म्हणजे डावीकडे दहा अंश. तुम्ही काय कराल?

चाक फिरवाल. चुकलात. आधी तोंड उघडायचं. "पोर्ट टेन, सर," असं मोठ्याने म्हणायचं, मग चाक फिरवायचं, आणि काटा दहावर आला की पुन्हा तेच सांगायचं. कारण जहाज लगेच वळत नाही. बराच वेळ ते नुसतं ऐकून न ऐकल्यासारखं करतं, आणि एकदा वळायला लागलं की थांबता थांबत नाही. चूक दिसेपर्यंत निस्तरायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ऐकलेलं परत म्हणायचं. चुकीचं ऐकलं असेल तर हुकूम देणारा तिथल्या तिथे दुरुस्त करतो. तो गप्प राहिला किंवा "हं" म्हणाला, तर बरोबर.

ही सवय तिच्या अंगात इतकी भिनली होती की जहाजावर तिला सगळे पोपट म्हणत. ती शिकाऊ कॅडेट. नाव ठेवलं सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने.

"काल जेवताना हिला म्हटलं, मीठ दे," तो सगळ्यांना सांगायचा. "तर म्हणते, मीठ देते, काका. मग मीठ दिलं आणि म्हणते, मीठ दिलं, काका. मी म्हटलं, बाई, भाजी आळणी आहे, बुडत नाहीये."

ती हसायची. पोपट तर पोपट. कॉलेज संपल्यावर हे जहाज मिळायला तिला वर्षभर वाट बघावी लागली होती. मुलगी म्हटल्यावर कंपन्या आधी केबिन मोजतात आणि मग गुण बघतात.

पहाटे ब्रिजवर, त्या सुकाणूच्या खोलीत, पहारा, म्हणजे चीफ ऑफिसरच्या हाताखाली रडार बघणं, नकाशावर जागा टिपणं, कधी सुकाणू धरणं. नाश्त्यानंतर डेकवर गंज खरवडायचा. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, हातात छिन्नी; तासाभराने दातांत लोखंडाची चव येते. दुपारी अभ्यास. तिच्या केबिनमधल्या टेबलाला कडेने लाकडी पट्टी होती, पुस्तकं घसरू नयेत म्हणून, आणि खुर्ची साखळीने जमिनीला बांधलेली. जहाज एका अंगावर कललं की ती गुडघा टेबलाखाली अडकवून गणितं सोडवायची. उत्तर चुकलं तर जहाजाला दोष देता येत नसे, कारण परीक्षक तोंडी परीक्षेत जहाजाला बोलावत नाहीत.

सुरुवातीला एकदा तिचा गोंधळ झाला होता. वारा काचेवर आदळत होता, हुकूम अर्धाच ऐकू आला, आणि तिने अंदाजाने ठोकून दिलं, "स्टारबोर्ड फाइव्ह, सर," म्हणजे उजवीकडे पाच. चीफ ऑफिसरने शांतपणे चाकावर हात ठेवला.

"मी काय म्हणालो?"

"नीट ऐकू आलं नाही, सर."

"मग ते म्हणायचं. पुन्हा सांगा, एवढंच. तू जे परत म्हणालीस ते माझं नव्हतं, तुझं होतं. आपल्याला जे वाटतं तेच कान ऐकतात. म्हणून कानावर भरवसा नाही ठेवायचा, विचारायचं."

तिने कानाला खडा लावला.

जहाज एका बंदराकडे निघालं होतं तेव्हा घरून निरोप आला की बाबांना अर्धांगाचा झटका आला.

बाबा छापखान्यात यंत्रावर कामाला होते. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज असा चढला होता की घरातही ते कुजबुजले तर शेजारी हो म्हणायचे. आई चिडवायची, "ह्यांना गुपित सांगायचं म्हणजे पत्रक वाटण्यासारखं आहे." मुलीने जहाजावर जायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा याच आवाजात ते एवढंच म्हणाले होते, "ती जाणार आहे. चहा घेणार का?"

चीफ ऑफिसरने तिला बोलावून घेतलं. "घरी जायचं असेल तर आजच सांग, म्हणजे बंदरावर विमानाची सोय करता येईल. उतरलीस तर तुझे समुद्रावरचे दिवस कमी पडतील, यंदाची परीक्षा हुकेल. पुढचं जहाज कधी मिळेल, मी सांगू शकत नाही. राहिलीस तर बंदर सोडल्यावर पुढे नुसता महासागर आहे. मग मी तुला कुठेच उतरवू शकत नाही."

"सर, तुम्ही काय केलं असतं?"

"घरी विचारलं असतं."

बाहेर सारंग दोरखंडाची वेटोळी घालत होता. त्याने मान वर न करता सल्ला दिला. "जा बाई. जहाजं उद्याही तरंगतील."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने ब्रिजमागच्या खोलीतून उपग्रहाच्या फोनवरून घर लावलं. या फोनवर आवाज आधी वर आकाशात जातो आणि मग खाली येतो. आपलं बोलणं संपलं तरी समोरच्याचं उत्तर क्षणभर मागे रेंगाळतं, आणि कधी दोघं एकदमच बोलतात.

आई म्हणाली, "धोका टळलाय. एक बाजू गेलीये, शब्द जड येतात. पण शुद्धीत आहेत, सगळं कळतं."

"आई, मी येऊ का?"

"मला नको विचारूस गं. मी ये म्हणाले तर तुझं वर्ष जाईल, नको म्हणाले तर माझा जीव टांगणीला. ह्यांनाच विचार. तसंही तुम्हा दोघांचं आधी ठरतं आणि मला मागाहून कळतं. थांब, कानाशी धरते."

श्वास ऐकू आला. मग बाबा, पण त्यांचा आवाज नव्हे. ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी.

"बाबा, जहाज बंदराला लागतंय. उतरून येऊ का?"

खरखर. मग, "येऊ न..." आणि पुढचं खरखरीत बुडालं.

"येऊ नको," ती सवयीने म्हणाली. "बरं, बाबा."

क्षणभराने पलीकडून आलं, "हं." आणि फोन कटला.

पुन्हा लावला, लागला नाही. तिने चीफ ऑफिसरला जाऊन सांगितलं, "बाबा नको म्हणाले, सर." सांगताना तिला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तिला पुढे फार जड गेलं.

जहाजाने माल उतरवला, माल भरला, बंदर मागे पडलं. महासागराच्या मध्यावर मामाचा ईमेल आला. बाबांना दुसरा झटका आला होता. जिवावरचं टळलं, पण वाचा गेली.

त्या दिवशीही तिचा पहारा होता. चीफ ऑफिसर म्हणाला, आज नको येऊस. ती आली. गिरवायला एक ठरलेली दिशा आणि एक काटा, एवढंच तिला तेव्हा झेपत होतं. सारंगाने जेवताना मीठ मागितलं, आणि तिने काही न बोलता ते सरकवलं.

मुदत संपवून ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या पलंगावर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. तिला बघून त्यांनी चांगला हात उचलला. तिने तो धरून ठेवला.

संध्याकाळी ती आणि आई चादरीची घडी घालत होत्या. चादरीचं टोक जुळवताना तिने आईला विचारलं, "त्या दिवशी फोनवर बाबा मला काय म्हणाले होते?"

"येऊन जा, म्हणाले ना."

तिच्या हातातलं टोक सुटलं. "येऊ नको म्हणाले, आई."

"मला तर येऊन जा असंच वाटलं. तू काय बोललीस ते मला ऐकू येत नव्हतं, फोन ह्यांच्या कानाशी होता. नंतर तू आली नाहीस, तेव्हा म्हटलं सुट्टी मिळाली नसेल. तुला वाईट वाटेल म्हणून विषय काढला नाही." आईने टोक उचलून तिच्या हातात दिलं. "आणि खरं सांगू? त्यांचं तेव्हाचं बोलणं मला तरी निम्मंच कळायचं. नको म्हणालेही असतील. तुझ्या परीक्षेची काळजी होतीच त्यांना."

"आणि ते हं म्हणाले, ते कशाला?"

"मी विचारत होते, उशी नीट करू का. त्यालाही म्हणाले असतील. मला काय ठाऊक, बाई."

तिने चादर फडताळात ठेवली. त्या दिवशी फोनवर बोलताना वारा काचेवर आदळत नव्हता, चाक हातात नव्हतं, तरी तिला 'पुन्हा सांगा' म्हणणं का सुचलं नाही? ऐकू आलं नाही म्हणून, की जे ऐकू आलं ते सोयीचं होतं म्हणून?

मग ती पलंगाच्या कडेला बसली. बाबांची नजर तिच्याकडे वळली.

"बाबा, मी फोनवर विचारलं होतं, येऊ का. तुम्ही येऊ नको म्हणालात?"

"हं," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता एवढाच एक आवाज निघेल, हो म्हणायलाही आणि नाही म्हणायलाही.

ती जवळ सरकली.

"की येऊन जा म्हणालात?"

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण या आजारात ते कशानेही येतं, असंही डॉक्टर म्हणाले होते.

"हं."

"बाबा, यातलं कुठलं?"