लायटीची पेटी

आईला फोन लावता येत नाही. दादाने तिच्या फोनमध्ये माझा फोटो घालून दिला होता आणि शिकवलं होतं, "काही झालं तर हिच्या तोंडावर बोट ठेव." भाद्रपदातली गोष्ट, गौरी-गणपती नुकतेच गेलेले. म्हसळ्याच्या शाळेत मी प्रार्थनेला मुलं उभी करत होते आणि फोन वाजला. "अगो, अंता उठत न्हाय," आई म्हणाली. "चा निवला म्हणून परत गरम केला, तरी उठत न्हाय..." एस.टी.ची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मिळाली ती रिक्षा केली आणि त्या सगळ्या वळणांवर मी दादाला शिव्या देत होते. मोठ्याने. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे मेल्याला, मला कुणाचीच पर्वा नव्हती. आज इतके आठवडे झाले तरी तो राग गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. मी चांगलंच लिहिणार आहे, पण रागावूनच लिहिणार आहे.

अनंत, माझा मोठा भाऊ. आमचं गाव श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना लागतं. श्रीवर्धनच्या बाजारात दादाचं रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बायको बिघडली तर कुठे उघडून बघू?" आणि असलं काहीतरी बोलून झालं की पुन्हा दिवसभर तोंड बंद. मी शिक्षिका झाल्यापासून मला नावाने हाक मारणं त्याने सोडलंच होतं. शनिवारी घरी गेले की कामातून मान वर न करता विचारायचा, "काय बाई, आज कुणाला अंगठे धरायला लावले?" मी चिडायची. तेवढ्यासाठीच विचारायचा तो.

बाबा बोटीवर खलाशी होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी एक जुना इलेक्ट्रिक ऑर्गन घेतला आणि गोधडीत गुंडाळून घरी आणला. लाकडी अंगाचा, दोन माणसांनी उचलावा एवढा जड. आई त्याला पहिल्या दिवसापासून 'लायटीची पेटी' म्हणते. बोटीवरून सुट्टीला आले की बाबा हळदीला वाजवायला जायचे, आणि बाबांचा ऑर्गन आहे म्हटलं की शेजारच्या गावातली माणसंसुद्धा हळदीला यायची. दसऱ्याला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. ती मात्र बाबा स्वतः करायचे. झाकण उघडायचेच नाहीत. वरच्या लाकडाला एक बोट कुंकू, एक फूल, झालं. बाबा गेल्यावर पूजा आईकडे आली. मग हळूहळू पेटीच्या पट्ट्या एकेक करून मुक्या होत गेल्या, आणि एका वर्षी ती बोलायचीच बंद झाली. गावातले म्हणाले, खाऱ्या हवेने खाल्ली. आईचं म्हणणं वेगळं होतं. ती आल्यागेल्याला सांगायची, "माझ्यासारखीच हाय ती. मालक गेला, तिने तोंड मिटलं." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःख असायचं आणि थोडा अभिमानही असायचा.

दादाला कितीदा म्हटलं होतं, अख्ख्या तालुक्याचे टीव्ही बोलते करतोस, बापाची पेटी तेवढी नाही होत तुझ्याने? तो म्हणायचा, सवडीने करू. सवड मिळाली ती अशी, की गेल्या दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, याची फुप्फुसं आकसत चालली आहेत, आता ती भरून येणार नाहीत. दुकान बंद झालं. घरात हवेतून ऑक्सिजन काढणारं ते घरघरणारं मशीन आलं, दादाच्या नाकात नळी आली, आणि दादाने लगेच पेटी उघडली.

पट्ट्या उचलल्यावर त्याने मला आत बोलावलं आणि दार लोटायला सांगितलं. मी वाकून बघितलं. पट्ट्यांच्या खाली लाल-पिवळा थर बसलेला होता, भिंतीवर ओल धरते तसा. हळद, कुंकू, अक्षतांचे तांदूळ, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. प्रत्येक पट्टीखाली केसाइतक्या बारीक तारा असतात, पट्टी दाबली की त्या पितळी दांडीला टेकतात आणि सूर निघतो. त्या तारा हिरव्या पडून कुजल्या होत्या. इतक्या दसऱ्यांना आईने झाकण उघडून, एकही पट्टी न चुकवता, हळदकुंकू वाहिलं होतं आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं होतं. नवऱ्याच्या पेटीला कमी पडायला नको म्हणून! मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दादा म्हणाला, "आईला कळता कामा नये. कधीच. ऐकलंस ना?" मी म्हटलं, अरे पण पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच करेल ती. "तेव्हा मी असेन ना इथे. काहीतरी थाप मारीन."

आता रागाचं सांगते. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑक्सिजन चालू असताना जवळ तापलेली वस्तू नको, भडका उडेल. आणि सोल्डरिंगचा धूर तर अजिबातच नको. तर या शहाण्याने काय करावं? मशीन बंद करायचं, नळी काढायची, उठून खिडकी उघडायची, आणि सोल्डरिंग तापलं की श्वास रोखून एका तारेला कथलाचा डाग द्यायचा. मग सोल्डरिंग लांब ठेवून परत नळी. ओठ जांभळे झालेले असायचे. घाम पुसायचा, दम खायचा आणि पुन्हा पुढची तार. मी एकदा त्याच्या हातातून सोल्डरिंग हिसकावून घेतलं. म्हटलं, आग लागो त्या पेटीला, बापाने आणली म्हणून काय जीव देणार आहेस? तो कितीतरी वेळ धापा टाकत राहिला, मग म्हणाला, "नळी लावून नुसतं पडून राहिलो तर किती दिवस जास्त मिळतील, बाई? आणि त्यांचं मी करू काय?" मी सोल्डरिंग परत दिलं आणि परसात जाऊन रडले.

तशी तार बाजारात मिळाली नाही तेव्हा त्याने सतारीची बारीक तार मागवून कापली. हिवाळा, उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा त्यात गेला. गौरी जेवल्या त्या दिवशी त्याने आईला हात धरून खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. आधी नुसती घूं घूं झाली, आणि मग बाबांची ती हळदीची चाल, जरा थकलेली, थांबत थांबत... मधेच दादाला खोकला आला आणि चाल अर्ध्यात राहिली. आईने उठून दादाच्या तोंडावरून हात फिरवले आणि बोटं कानशिलावर मोडली. विसर्जनाचे ढोल गेले, गाव शांत झालं, आणि त्याच आठवड्यात तो फोन आला.

यंदा घरात दसरा नव्हता. तोरण नाही, गोडधोड नाही. तरी मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते, आणि का ते मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी आई न्हाऊन तबक घेऊन आली. "सण नको," म्हणाली, "पण पेटी उपाशी ठेवायची न्हाय." तिने झाकण उघडलं. दादाने स्पिरिटने पुसलेल्या पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या दिसत होत्या. मी म्हटलं, "आई, वर लाकडाला लाव गो. बाबा तसंच करायचे."

"लाकडाला काय लावायचं? आवाज लाकडातून येतो व्हय?" ती पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली. "तुझा बाप घाईचा माणूस. मी कधी घाई केली न्हाय. एवढी वर्सं मनापासून पुजली, म्हणून तर परत बोलली ती. अंताने नुसता हात लावला, पण ऐकलं तिने माझं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "माझं एवढंच ऐकलं गो देवाने. दुसरं न्हाय ऐकलं."

काय सांगणार होते मी तिला? सगळं जिभेवर होतं. नवरा गेला, आता मुलगा गेला, आपल्या पूजेने पेटी बोलली, एवढं एकच तिच्याजवळ उरलं होतं, आणि मी सांगितलं असतं तर पेटी वाचली असती. तिने पहिल्या पट्टीवर हळद ठेवली, कुंकू ठेवलं, मग दुसरीवर. दादाचा एकेक डाग मला दिसत होता, आणि त्याचे ते जांभळे ओठ. शेवटच्या पट्टीपर्यंत पोचल्यावर तिने झेंडूचं फूल उचललं आणि पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं. तांब्या खिडकीत होता, माझ्या हाताजवळ. मी तो उचलून तिच्यापुढे धरला.