कुकरची रिंग
कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली आणि कोऱ्या रबराच्या त्या वासानं मला थेट फरीदाबादच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. तिथे नुकतंच ईआरपी आलं होतं. खरेदी, स्टोअर, उत्पादन, अकाउंट्स, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर. तोवर मी चिठ्ठी पाठवली की स्टोअरमधून माल यायचा. त्या दुपारी रबरी रिंगांवाचून माझी पंप-जुळणीची लाइन बंद पडली होती, आणि तयार पंप न्यायला आलेला ट्रक गेटवर हॉर्न मारत होता. मी स्टोअरमध्ये धावलो. कूलरच्या दमट वाऱ्यात रिंगांचं भरलेलं खोकं समोरच दिसत होतं. स्टोअरकीपर मात्र स्क्रीनकडे बघत म्हणाला, "साहब, सिस्टम में झीरो है।" "और ये सामने क्या है?" "है तो सही, पर दे नहीं सकता।" मॅनेजर म्हणाले, "सिस्टम चुकत नाही, नवीन मागवा." शेवटी मानेसरहून टेम्पोनं नवं खोकं आलं. त्याची एंट्री झाली, स्क्रीनवर आकडा उमटला, आणि स्टोअरकीपरनं शांतपणे जुनंच खोकं माझ्या हातात ठेवलं. स्क्रीनवर पुन्हा शून्य. "और नया वाला?" मी विचारलं. "वो अब सिस्टम में नहीं है, साहब।" ट्रक हॉर्न मारतच होता आणि मी आळीपाळीनं दोन्ही खोक्यांकडे बघत उभा होतो. आता बायको स्वयंपाकघरातून विचारतेय, डाळीचं काय झालं. मोबाईलवर आत्ताच कुरिअरवाल्यांचा मेसेज आलाय, तुमची रिंग उद्या पोचेल. मी ती हातात धरून उभा आहे, आणि कुकर अजून लावलेला नाही.